बदकाची बाजू

जुईनगर
बुधवार, ७ जुलै १९९९

प्रिय कुलदीप,

हे पत्र खोलीतली बाकीची मुलं बाहेर गेली की वाच. 'भिण्यासारखं काही नाही' असं पुढचं वाक्य लिहिलं होतं, पण ते खरं नव्हतं म्हणून खोडलं. खोडलेलं दिसतंय ते तसंच राहू दे. आई बरी आहे, मीही हिंडता-फिरता आहे, तेवढ्यापुरता निर्धास्त राहा.

मी तुला आजवर पत्र लिहिलेलं नाही. आई फोनवर बोलते, शेवटी 'आप्पांना देऊ का' असं विचारते आणि आपण दोघंही आपापल्या टोकाला नको म्हणतो. गेल्या महिन्यात मी तुला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा होस्टेलच्या शिपायानं सांगितलं की तू लॅबमध्ये आहेस. त्यातला एक दिवस रविवार होता. तिन्ही फोन मी स्टेशनजवळच्या बूथवरून केले, घरून नाही. का ते पुढे येईलच. आज माझी सुट्टी आहे, आई वरच्या मजल्यावर डोहाळजेवणाला गेली आहे आणि मी तुझ्या जुन्या वहीतले कोरे कागद घेऊन स्वयंपाकघरात बसलो आहे. बाहेरच्या खोलीत बसलो असतो तर समोर तो कॉम्प्युटर आला असता. तीन आठवडे झाले, मी त्याच्याकडे पाठ करून पेपर वाचतो. आईनं विचारलं, 'तुमचं आणि त्याचं भांडण झालंय का?' मी हसलो. माझं हसणं हल्ली तिला पटत नाही.

तो घरी आला तो दिवस तुला आठवत असेल. कंपनीनं दोन घेतले, एक मॅनेजर साहेबांच्या टेबलावर गेला आणि एक माझ्या घरी, म्हणजे शिफ्ट संपल्यावरही मी कंपनीचंच काम करावं. आईनं त्याला हळदकुंकू लावलं, वर क्रोशाचा रुमाल टाकला. मला मात्र तो आवडला. बावीस वर्षं मी रोजची रीडिंग रजिस्टरात लिहीत होतो, ती आता त्यात भरायला लागलो. प्रत्येक रिअॅक्टरमधल्या रसायनाचं दर अर्ध्या तासाचं तापमान, दाब, शेवटच्या रकान्यात शेरा आणि शेऱ्यापुढे माझं आद्याक्षर. दिवसाचं दिवसालाच लिहायचं, ही माझी सवय तू लहानपणापासून पाहिली आहेस. ताप असला तरी लिहायचो. आजचं उद्या लिहिलं की त्यात आपलं शहाणपण मिसळतं, असं मी तुला सांगायचो आणि तू डोळे फिरवायचास.

माझी दुसरी सवयही तुला माहीत आहे. महिन्याचा अहवाल फ्लॉपीवरून न्यायचा, आणि फ्लॉप्या कधी पुरायच्या नाहीत. म्हणून घरात जी सापडेल ती आत घालायची आणि फॉरमॅट मारून वापरायची. तुझ्या दोन-तीन तरी मी अशा कोऱ्या केल्या. तू चिडायचास, 'आप्पा, आत काय आहे ते तरी बघा.' मी म्हणायचो, एवढं महत्त्वाचं होतं तर वर लिहायचं.

मग एप्रिलात तू सुट्टीला आलास ते कुठल्या मासिकाबरोबर मिळालेली सीडी घेऊन. मला म्हणालास, आप्पा, चार जीबीतली सव्वा जीबी जागा मला द्या, त्यात मी दुसरी सिस्टीम टाकतो, तुमच्या विंडोजला धक्का लागणार नाही. मी नाही म्हणालो. कंपनीचं मशीन आहे, भाड्याच्या घरात कोणी भिंत घालतं का, असंही म्हणालो. पंधरा दिवसांनी सकाळी मी ते चालू केलं तर विंडोजचे नेहमीचे ढग आलेच नाहीत. काळ्या पडद्यावर चार इंग्रजी अक्षरं आणि पुढे लुकलुकणारी रेघ. मला दरदरून घाम फुटला. व्हायरस आला, बावीस वर्षांची नोकरी गेली, एवढं सगळं मी त्या पाच सेकंदांत पाहिलं. आणि पाच सेकंदांनी काही न करता विंडोज आपली सुरू झाली. तू दात घासत मागे उभा होतास. म्हणालास, 'काही दाबलं नाही की तुमची येते. माझं नाव टाइप केलं की माझी येते.' तुझी सुरू केलीस तेव्हा कोपऱ्यात एक पक्षी आला. आई म्हणाली, अगंबाई, बदक. तेव्हापासून घरात ती बदकाची बाजू झाली.

मी तेव्हा फार ओरडलो नाही, कारण माझं सगळं जागच्या जागी होतं. आणि तू जे समजावून सांगितलंस ते मी निम्मंच ऐकलं. उरलेलं निम्मं आता कालपासून एकेक शब्दानं आठवतो आहे. तू म्हणालास, तुमची बाजू माझ्या बाजूला बघू शकत नाही, तिच्या लेखी ती जागाच नाही. माझी बाजू मात्र तुमची बघू शकते. म्हणालास, डिस्क कापताना मी आकडे तीनतीनदा तपासले, तुमचे अहवाल गेले असते तर तुम्ही मला घराबाहेर काढलं असतं. म्हणून मी तिला शिकवून ठेवलंय, माझी बाजू सुरू झाली रे झाली की पहिल्यांदा तुमच्या अहवालांची नक्कल स्वतःकडे काढून ठेवते. मी म्हणालो, बरं बरं. चहा गार होत होता.

आता ८ जूनचं लिहितो. तेवढ्यासाठी दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

त्या मंगळवारी माझी पहिली शिफ्ट होती. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी दोन नंबरच्या रिअॅक्टरचं झाकण उडालं. मी तेव्हा पन्नास पावलांवर, केबिनमध्ये होतो. आवाज झाला आणि मग आवाजच राहिला नाही, कान बंद झाले. ऑपरेटर दिलीप वरच्या प्लॅटफॉर्मवर होता. दोघे हेल्पर खाली होते, ते भाजले; आता बरे होत आहेत. दिलीपला आम्ही चौघांनी उचललं. तो शुद्धीवर होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चार वाजेपर्यंत हॉस्पिटलात, मग पोलीस, मग मॅनेजर साहेबांसमोर, आणि सातला घरी. तू दार उघडलंस. माझ्या शर्टाचा वास तुला आला होता, तू मागे सरकलास. मी आंघोळही न करता कॉम्प्युटरपुढे बसलो आणि खिशातल्या डायरीतून त्या दिवसाची रीडिंग भरली. बावीस वर्षांची सवय, दुसरं काही नाही. भरून झालं आणि फोन आला की दिलीप गेला.

तुला त्याचा चेहरा आठवत असेल. घणसोली गावातला आगरी पोरगा, दसऱ्याला आपल्याकडे सोनं द्यायला यायचा आणि आईला जिताडा माशाचं कालवण कसं करायचं ते शिकवायचा. त्याची आई जाईबाई मिठागरात काम केलेली बाई.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, आपलं भांडण झालं. मी कामावरून आलो, तू बदकाची बाजू लावून बसला होतास. असल्या दिवसांत कंपनीच्या मशीनवर तुझे खेळ चालले आहेत म्हणून माझा तोल गेला. तुझा हात मी कीबोर्डवरून झटकला. बाजूला तुझी ती फ्लॉपी होती, जिच्यावर तू ठळक अक्षरांत लिहिलं होतंस, 'आप्पा, ही फॉरमॅट करू नका.' ती तुझ्या डोळ्यांदेखत आत घातली आणि कोरी केली. तू एवढंच म्हणालास की आता विंडोज परत टाकायची वेळ आली तर माझ्या बाजूला जायचा रस्ता उरला नाही, ती किल्ली होती. मी म्हणालो, बरंच झालं. गुरुवारी पहाटे तू आईच्या पाया पडून पुण्याला गेलास. मी जागा होतो.

शुक्रवारी कंपनीचा कॉम्प्युटर बघणारा सुभाष आला आणि सर्व्हिसिंगला म्हणून मशीन घेऊन गेला. आजवर कधी सर्व्हिसिंग झालं नव्हतं. सहा दिवसांनी परत आलं ते धुऊन-पुसून, नवी विंडोज घालून. अहवालांची फाइल साहेबांच्या कॉम्प्युटरवरून परत टाकली आहे, असं तो म्हणाला. मी उघडून पाहिली. मे महिना होता तसा होता. ८ जूनही होता. पण तो मी लिहिलेला नव्हता. साडेअकरापासून साडेबारापर्यंत तापमान अडुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर. शाळेतल्या शहाण्या मुलासारखं. आणि मग एक वाजता एकदम शंभरावर. शेऱ्यात लिहिलं होतं की ऑपरेटरनं चुकून वाफेचा व्हॉल्व्ह उघडला असावा. पुढे माझं आद्याक्षर. माझ्यासारखंच काढलेलं.

कारखान्यात हातानं लिहायचं रजिस्टर अजून होतंच; त्यातलं त्या दिवसाचं पान आगीवर मारलेल्या पाण्यानं भिजून गेलं, असं सगळ्यांना सांगण्यात आलं. मी ते बुधवारी सकाळी साहेबांच्या टेबलावर कोरडं ठणठणीत पाहिलं होतं. माझी खिशातली डायरी त्यांनी त्याच दिवशी मागून घेतली होती. आणि १८ तारखेला त्यांनी मला बोलावून चहा मागवला, त्याच बदललेल्या आकड्यांचं नवं स्वच्छ पान पुढे केलं आणि अगदी मायेनं म्हणाले, 'शिवरामराव, गेलेला माणूस परत येत नाही. राहिलेल्यांचं बघायचं.' मग तुझी चौकशी केली. शेवटचं वर्ष ना, आपल्याकडेच घेऊ त्याला, हुशार आहे. घरचा कॉम्प्युटर तोही वापरतो ना? मी म्हणालो, नाही, त्याला त्यातलं काही कळत नाही. तुझ्याबद्दल मी आयुष्यात बोललेलं सगळ्यात मोठं खोटं. आणि मग मी सही केली, कुलदीप. पेन त्यांचं होतं, पण हात माझा होता.

तेव्हापासून मला भीती वाटते. आधी ती कामावर वाटायची, आता घरी आणतो. साहेब दर दोन-तीन दिवसांनी घरी फोन करतात, तब्येत विचारतात, आईशीही गोड बोलतात, आणि शेवटी 'कुलदीप काय म्हणतो?' हे असतंच. म्हणून मी बूथवर जातो. सोसायटीच्या कोपऱ्यावर कंपनीची जीप दोनदा दिसली. कदाचित ड्रायव्हर भाजी घ्यायला थांबला असेल. मी गॅलरीतले कपडे काढायचे सोडून आत आलो. जेवताना मी घास मोजतो, हे आईनं सांगितलं तेव्हा कळलं. अठ्ठावीस मोजले की ताट सारतो.

दिलीपच्या बाराव्याला मी गेलो होतो. कंपनीतून पाचजण गेलो. गावातल्या अंगणात दीडशे पानं मांडली होती, पण भाजलेल्या दोघा हेल्परांची भावकी आली नाही, त्यांचं बघून बाकीचे आले नाहीत. शंभर पानं तशीच पडून होती, वाऱ्यानं उलटत होती. दिलीपच्या चुकीनं दोन घरची पोरं भाजली, असं गावात पसरलं आहे. ते कुठून पसरलं ते मला माहीत आहे, कारण त्या कागदाखाली माझी सही आहे. मी पानावर बसलो आणि जेवलो. कुलदीप, मी तिथं बसून जेवलो. उठताना जाईबाई जवळ आली. रडत नव्हती. माझ्या अगदी पुढ्यात बसली आणि हळू आवाजात म्हणाली, 'सायेब, गावान सगली बोलतान, दिलीपनी वाफ सोरली म्हनून जाललं. तुमी तवा तिथं व्हता. माजा पोर चुकला हाय का, तवरंच सांगा. मना बाकी काय नको.'

मी म्हणालो, चौकशी चालू आहे. ती 'बरा' म्हणाली आणि माझ्या पानापुढचा पाण्याचा तांब्या उचलून घेऊन गेली.

आता काल काय झालं ते. प्रिंटर चालत नाही म्हणून सुभाष संध्याकाळी आला. चांगला पोरगा आहे, त्याला यातलं काही ठाऊक नाही, सांगितलं तेवढं करतो. प्रिंटर झाला, मग सहज म्हणून त्यानं डिस्क तपासली आणि मला हाक मारली. 'काका, चार जीबीची डिस्क आहे, पावणेतीनच दाखवतेय. त्या दिवशी मी वरवर फॉरमॅट मारलं, नीट बघितलं नाय. मागे सव्वा जीबीचं काहीतरी पडलंय, विंडोजला वाचता येत नाय. व्हायरसबियरस असेल. सगळं उडवून एकच करून देऊ? पाच मिनटाचं काम.'

मी खुर्ची धरली. म्हणजे बदक तिथंच होतं. काळ्या पडद्यावरची ती अक्षरं गेली होती, म्हणून मला वाटलं होतं की तुझी बाजूही गेली. ती गेली नव्हती. त्यांनी जे धुतलं ते माझं घर धुतलं, मागच्या खोलीचं दारच त्यांना दिसलं नाही. आणि त्या खोलीत ८ जूनचं खरं पान आहे, कारण बुधवारी तू तुझी बाजू लावली होतीस, आणि ती सुरू झाली की आधी माझी नक्कल काढते. त्या दिवशी ऐकलेलं निम्मं वाक्य मला सुभाषसमोर उभं राहून आठवलं.

आणि आता तुला जे सांगतो ते ऐक. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते 'वाचलो' असं नव्हतं. पहिल्यांदा आलं ते असं, की सुभाषला 'कर' म्हणावं. एक शब्द. पाच मिनिटं. मग जगात कुठेही ते पान उरणार नाही, मला साहेबांना घाबरायला नको, कुणालाच घाबरायला नको. माझ्या तोंडात तो शब्द आला होता. बाहेर पडलं ते, 'आज नको, सोमवारी ये.' सोमवार का म्हणालो ते मलाही माहीत नाही. तो म्हणाला, ठीक आहे, साहेबांच्या कानावर घालून ठेवतो, ते तुमच्या मशीनबद्दल विचारत होते.

मघाशी बुधवारच्या भांडणाबद्दल मी अर्धंच लिहिलं. तू खेळत नव्हतास. मी चपला काढल्या तेव्हा तुझ्यासमोर माझं ८ जूनचं पान उघडलेलं होतं, आणि तू मागे न वळता विचारलंस, 'आप्पा, साडेअकराला थांबवलं असतं तर?' मी तुझा हात झटकला तो त्यावर. फ्लॉपी कोरी केली ती त्यावर. कंपनीचं मशीन वगैरे सगळं मी नंतर शोधून काढलं, आईला सांगायला, आणि मग स्वतःलाही तेच सांगत बसलो. तुला माहीत होतं. तू ते कुणालाही सांगितलं नाहीस, फोनवरही आला नाहीस, कारण फोनवर आलास तर तुला खोटं बोलावं लागलं असतं किंवा मला. वीस वर्षांच्या पोरावर मी हे ओझं टाकलं आणि वर तो रुसला आहे असं घरात सांगत राहिलो.

तर जे तू वाचलंस ते मी आता माझ्या हातानं लिहितो. साडेअकराला तापमान चौऱ्याहत्तर होतं. सत्तरच्या वर जायचं नसतं. थंड पाण्याचा पंप आठ दिवस कमी दाब देत होता, ते मी दोनदा लेखी कळवलं होतं. ११.३५ला दिलीप माझ्या केबिनच्या दारात आला. म्हणाला, 'सायेब, भांडं तापतंय, ऐकत नाय. बॅच थांबवूया.' साहेबांचा सकाळपासून तीनदा फोन आला होता की माल आजच गेला पाहिजे. मी दिलीपला म्हणालो, 'बघतो मी, तू चालू ठेव.' तो गेला. मी बघायला गेलो नाही. बाराला एकोणऐंशी, साडेबाराला शहाऐंशी, एकला एकशे चार. ही सगळी रीडिंग त्यानंच इंटरकॉमवरून मला सांगितली, दर अर्ध्या तासाला, शेवटपर्यंत, आणि मी ती डायरीत लिहून घेतली. त्यानं वाफेला हात लावला नाही. त्याची काहीही चूक नव्हती. संध्याकाळी शेऱ्यात मी लिहिलं, 'ऑपरेटरने ११.३५ला कळवले. बॅच चालू ठेवण्यास सांगितले.' आणि पुढे माझं आद्याक्षर. खरं लिहायचं धैर्य होतं म्हणून नाही. दिवसाचं दिवसाला लिहिलं, शहाणपण मिसळायला वेळ मिळाला नाही, म्हणून.

तू रविवारी ये. मासिकाच्या त्या सीडीवरून ती किल्लीची फ्लॉपी पुन्हा बनवता येत असेल तर बनवून आण, दोन आण. घरी फोन करून आईला फक्त 'रविवारी जेवायला येतो' एवढंच सांग, मला कळेल. मशीन मी बंद ठेवलं आहे, वायर काढून ठेवली आहे. बुधवारी, १४ तारखेला सरकारी चौकशीचे अधिकारी माझा जबाब घेणार आहेत. त्याआधी ते पान कागदावर उतरलं पाहिजे. तीन प्रती काढ. एक अधिकाऱ्यांना, एक तुझ्याजवळ. आणि एक घेऊन तू घणसोलीत जा, जाईबाईला वाचून दाखव. तिला आकडे कळणार नाहीत, शेरा वाच. मी बरोबर येईन असं आज म्हणतो आहे. नाही आलो तर तू एकटा जा.

मला कुठलीही प्रत देऊ नकोस. मी मागितली तरी देऊ नकोस. हातात आलेलं कोरं करायची माझी सवय तुला माहीत आहे, आणि या वेळी वर काय लिहिलंय ते वाचूनही मी ते करीन, याची मला भीती वाटते. रविवारपर्यंत चार दिवस आहेत. त्यात साहेबांचा फोन येईल, कदाचित ते स्वतः येतील, तुझ्या नोकरीचं बोलतील, आईपुढे बोलतील. तू दारात उभा राहशील तेव्हा मी कदाचित म्हणेन की असं काही नव्हतंच, मी तापात काहीतरी लिहिलं, परत जा. किंवा तू येशील तोवर मी सुभाषला फोन केलेला असेल आणि डिस्क कोरी असेल. तसं झालं तर मागच्या खोलीत काहीच उरणार नाही. म्हणून हे लिहिलं. किल्लीची फ्लॉपी मी शिपायाकडे निरोप ठेवूनही मागवू शकलो असतो. पण मला पुसता येणार नाही अशा ठिकाणी एक प्रत हवी होती. ती आता तुझ्या हातात आहे, माझ्या अक्षरात, खाडाखोडीसकट. हे पत्र फाडू नकोस. बुधवारी मी काहीही बोललो तरी तू हे पुढे कर. आता उठून वाशीच्या पोस्टात जातो, आई यायच्या आत. पाकीट खिडकीतून आत सरकवेपर्यंत माझा माझ्यावर भरवसा नाही.

तुझ्यासाठी मी नेहमी नुसता 'आप्पा' म्हणूनच उरलो. आज खाली पूर्ण सही करतो. त्या नव्या पानावर जी आहे तीच, शेजारी ठेवून पाहता येईल अशी.

तुझाच,
आप्पा

शिवराम बापू कणसे
शिफ्ट इन्चार्ज, पहिली पाळी
७ जुलै १९९९, दुपारी ३.२०